राजीनामा खिशात ठेवून फिरणारे गुरुजी

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. एका संध्याकाळी दवाखान्यात एक प्राथमिक शिक्षक आले. वय सत्तेचाळीस. बरोबर पत्नी होत्या. तक्रारी तशा साध्याच होत्या. महिनाभर आवाज बसलेला, छातीत जळजळ, रात्री झोप नाही. तपासले तर रक्तदाब १६०/१००. "गुरुजी, कसली काळजी लागून राहिली आहे का?" असे विचारताच त्यांनी सदऱ्याच्या खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला. तो नोकरीचा राजीनामा होता. खाली सही होती. तारीख तेवढी घातलेली नव्हती.

"तीन महिने झाले, डॉक्टर. रोज शाळेत घेऊन जातो आणि रोज परत आणतो," ते म्हणाले.

पत्नी म्हणाल्या, "पूर्वी शाळेतून आले की पोरांच्या गमती सांगायचे. आता घरात शब्द नाही. बोललेच तर अंगावर खेकसतात."

"मुलांचा राग येतो का?" मी विचारले. थोडा वेळ गप्प राहून ते म्हणाले, "राग आला असता तर बरं झालं असतं. आता मुलं दिसतच नाहीत. हजेरीतले आकडे दिसतात."

ही हकिगत गुरुजींच्या परवानगीने आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहीत आहे. कारण ती एकट्या त्यांची नाही. आवाज, आम्लपित्त, डोकेदुखी, पाठदुखी अशी कारणे घेऊन येणाऱ्या शिक्षक-शिक्षिकांशी पाच मिनिटे जास्त बोलले की पुष्कळदा हाच प्रश्न पुढे येतो : "नोकरी सोडू का?" हा प्रश्न वरवर डॉक्टरचा नाही. पण त्याचे उत्तर शोधण्याची सुरुवात मात्र डॉक्टरकडेच व्हायला हवी, असे माझे अनुभवाने बनलेले मत आहे. ते का, हे आज पाहू.

बर्नआउट म्हणजे काय?

दिवसभर काम करून माणूस दमतो आणि रात्री झोपून ताजा होतो. हा साधा थकवा. पण काही थकवा झोपेने जात नाही, रविवारने जात नाही, दिवाळीच्या सुट्टीनेही पुरता जात नाही. समईतले तेल संपले की वात स्वतःच जळू लागते, तशी ही अवस्था असते. इंग्रजीत तिला 'बर्नआउट' म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ साली या अवस्थेवर लेख लिहिला. न्यूयॉर्कमधील मोफत दवाखान्यात तळमळीने काम करणारे कार्यकर्तेच काही काळाने विझल्यासारखे होतात, हे त्यांनी पाहिले होते. पुढे क्रिस्तिना मासलाक या संशोधिकेने आपल्या सहकारी सुसान जॅक्सन यांच्यासह १९८१ साली ही अवस्था मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिचा वापर जगभर झाला.

या अवस्थेच्या तीन खुणा मानल्या जातात.

पहिली खूण दमणुकीची. सकाळी उठतानाच अंगात त्राण नसते. रविवारी संध्याकाळपासून पोटात गोळा येतो.

दुसरी खूण तुटलेपणाची. ज्या कामावर आणि माणसांवर जीव होता त्यांच्याविषयी कोरडेपणा किंवा कडवटपणा येतो. 'मुले दिसत नाहीत, आकडे दिसतात' हे गुरुजींचे वाक्य म्हणजे या खुणेचे इतके नेमके वर्णन आहे की पुस्तकातही सापडणार नाही.

तिसरी खूण म्हणजे आपल्या हातून काही चांगले घडत नाही, इतक्या वर्षांत काहीच केले नाही, ही भावना.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या रोगांच्या अकराव्या वर्गीकरणात याच तीन खुणा दिल्या आहेत. मात्र तेथे बर्नआउटला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला न गेल्याने येणारी, नोकरी-व्यवसायाशी निगडित अवस्था, असे म्हटले आहे. हा फरक महत्त्वाचा आहे. दोष एकट्या माणसात नसतो. माणूस आणि काम यांच्या जोडणीत काहीतरी बिघडलेले असते. म्हणून उपायही दोन्हीकडे करावे लागतात.

शिक्षकच का?

दुकानदाराला संध्याकाळी गल्ला मोजता येतो. गवंड्याला भिंत दिसते. शिक्षकाच्या कामाचे फळ दिसायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तेही दुसऱ्याच्या नावावर दिसते. शिवाय हे काम नुसते बोलण्याचे नाही. घरी मूल तापाने फणफणलेले असले तरी वर्गात हसतमुख राहावे लागते. राग गिळावा लागतो. चाळीस मुलांवर एकाच वेळी लक्ष ठेवावे लागते. भावना आवरून धरण्यातही शक्ती खर्च होते, पण ती कोणत्याही दैनंदिनीत लिहिली जात नाही.

त्यात वर्गाबाहेरच्या कामांची भर पडते. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २७ नुसार दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढी कामे वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. पण मतदारयादीचे काम निवडणुकीत मोडते. पोषण आहाराच्या नोंदी, मुलांच्या आधारची दुरुस्ती, ऑनलाइन माहिती, प्रत्येक उपक्रमाचे फोटो ही कामे शाळेतच बसून करायची असल्याने ती अशैक्षणिक म्हणून कोणी मोजत नाही. १ सप्टेंबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतील शिक्षकांनाही पात्रता परीक्षेची अट घातली. त्या निकालाचे बरे-वाईट हा या सदराचा विषय नव्हे. पण त्यानंतर पन्नाशीकडे आलेले काही शिक्षक झोप उडाली म्हणून माझ्याकडे आले, एवढे खरे.

शिक्षिकांच्या बाबतीत शाळा सुटल्यावर दुसरी पाळी घरी सुरू होते. विनाअनुदानित शाळांतील आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांना तुटपुंज्या आणि लांबलेल्या पगाराची चिंता वेगळीच असते.

या सगळ्याचा शरीरावर परिणाम कसा होतो? धोका दिसला की आपले शरीर ॲड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात सोडते. हृदयाचे ठोके वाढतात, रक्तदाब चढतो, स्नायू ताठ होतात. साप दिसल्यावर पळण्यासाठी ही सोय चांगली आहे. पण धोका टळल्यावर ती थांबावी लागते. साप रोज सकाळी मोबाइलच्या गटावर 'आजच माहिती सादर करावी' या रूपात येऊ लागला तर शरीराला थांबायला उसंतच मिळत नाही. मग झोप उडते, जळजळ होते, मान-पाठ आखडते, साखर आणि रक्तदाब आवरत नाहीत.

आधी तपासणी, मग निर्णय

आता मूळ मुद्दा. काही वर्षांपूर्वी एका माध्यमिक शिक्षकांनी असाच थकवा येतो म्हणून तडकाफडकी राजीनामा दिला. 'आता शिकवणे जमत नाही' असे त्यांनी ठरवून टाकले. नंतर पाय सुजले, वजन वाढले म्हणून ते माझ्याकडे आले. रक्त तपासले तेव्हा थायरॉइड ग्रंथीचे काम फार मंदावलेले आढळले. रोज सकाळी एक गोळी सुरू केली. चार-पाच महिन्यांत माणूस पूर्वीसारखा झाला. पण जागा गेली ती गेलीच. "थोडं आधी आलो असतो तर," असे ते आजही म्हणतात. तेव्हापासून मी प्रत्येक शिक्षकाला सांगतो, आधी तपासणी, मग निर्णय.

थकवा येतो म्हणून लगेच मनाला दोष देऊ नये. रक्तक्षय, थायरॉइडचे विकार, मधुमेह, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वांची कमतरता, झोपेत घोरणे व श्वास अडखळणे, स्त्रियांमध्ये रजोनिवृत्तीचा काळ यांमुळेही माणूस गळून जातो. बी-१२ हे जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी व मांसाहारातून मिळते. त्यामुळे शाकाहारी मंडळींत त्याची कमतरता पुष्कळ आढळते. या तपासण्या तालुक्याच्या गावी होतात आणि यांतील बहुतेक गोष्टींवर चांगले उपचार आहेत.

दुसरी पाहायची गोष्ट म्हणजे उदासीनतेचा आजार, म्हणजेच डिप्रेशन. बर्नआउट आणि हा आजार सख्खे शेजारी आहेत, पण एक नव्हेत. ढोबळ खूण अशी. निव्वळ कामाचा शीण असेल तर सुरुवातीला तरी सुट्टीत, लग्नकार्यात, नातवंडांत मन रमते आणि शाळेचे नाव काढले की उतरते. उदासीनतेच्या आजारात कशातच मन लागत नाही. भूक मरते, पहाटे लवकर जाग येते, आपण ओझे झालो आहोत असे वाटते. ही अवस्था दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. जिल्हा रुग्णालयात ही सोय असते. जगणे नकोसे वाटत असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार येत असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. घरच्यांना सांगावे, त्यांनी एकटे सोडू नये आणि लगेच डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारच्या 'टेलिमानस' सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे. तेथे मराठीतूनही बोलता येते.

स्वतःला विचारायचे चार प्रश्न

तपासणी झाली, उपचार सुरू झाले. आता पुढचा विचार. आमच्या गुरुजींना मी चार प्रश्न एका चिठ्ठीवर लिहून दिले आणि महिनाभराने उत्तरे मागितली. तेच येथे देतो.

१) मला वर्गात कंटाळा येतो की वर्गाबाहेर? दारे-खिडक्या बंद करून नुसते मुलांना शिकवायला मिळाले तर आवडेल का? उत्तर 'हो' असेल तर पेशा नकोसा झालेला नाही, भोवतीचा पसारा नकोसा झाला आहे.

२) मला शिक्षकी नको आहे की ही शाळा नको आहे? अपमान करणारा एक वरिष्ठ, रोजचा ऐंशी किलोमीटरचा प्रवास, न पटणारा एक सहकारी, यांमुळे सारा पेशाच वाईट वाटू लागतो. अशा वेळी बदली हे औषध असू शकते.

३) गेल्या वर्षभरात मुलांमुळे मला आनंद झाला असा एक तरी दिवस आठवतो का? एकही आठवत नसेल, आणि तीन-चार वर्षे आठवत नसेल, तर ते गांभीर्याने घ्यावे.

४) सोडून मी कशाकडे जाणार आहे? नुसते पळणे आणि कुठेतरी जाणे यांत फरक आहे.

राहायचे ठरले तर

तेलाची सोय करावी लागते. नुसत्या निर्धाराने वात जळत नाही.

झोप सात तास हवी आणि झोपण्याची वेळ ठरलेली हवी. रात्री नऊनंतर शाळेच्या गटावरचे निरोप पाहू नयेत. खरोखर तातडीचे असेल तर माणूस फोन करतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास भरभर चालावे. रक्तदाब, साखर, झोप आणि मन या चौघांनाही त्याचा उपयोग होतो. झोपेच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. तंबाखू आणि संध्याकाळचा 'थोडासा' पेला हे ताणावरचे उपाय नव्हेत. ते व्याजाने घेतलेले कर्ज आहे.

आवाज जपावा. तो शिक्षकाचे हत्यार आहे. पाण्याची बाटली जवळ ठेवून घोट घोट पाणी प्यावे. गोंगाटावर ओरडण्याऐवजी टाळी, घंटी किंवा हात वर करण्याची खूण ठरवावी. फळा ओल्या फडक्याने पुसावा. आवाज बसला असताना कुजबुजून बोलल्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो, म्हणून मौनच बरे. तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरयंत्र तपासून घ्यावे.

रजा घेण्यात कमीपणा मानू नये. शासकीय व अनुदानित शाळांतील शिक्षकांना वैद्यकीय प्रमाणपत्रावर परावर्तित रजा मिळू शकते. वेळेवर घेतलेली पंधरा दिवसांची रजा पुढचे मोठे आजारपण वाचवते. मात्र सुट्टीचा तजेला काही आठवड्यांत ओसरतो. म्हणून परत आल्यावर कामात एखादा तरी बदल झालेला असला पाहिजे.

हा बदल बहुधा लहान असतो. आमच्या गुरुजींची शाळा दोनशिक्षकी. दुसरे शिक्षक तरुण. त्यांना संगणकाची आवड, पण पहिलीच्या मुलांना वाचायला शिकवताना ते घामाघूम होत. मुख्याध्यापक या नात्याने सगळ्या ऑनलाइन नोंदी आपणच केल्या पाहिजेत, असे गुरुजींनी मनाशी धरले होते. शेवटी त्यांनी तरुण सहकाऱ्याला मोकळेपणाने विचारले. सहकाऱ्याने नोंदी घेतल्या, गुरुजींनी लहान मुलांचे वाचन घेतले. कामे तेवढीच राहिली, पण ज्याचे काम त्याच्याकडे गेले.

येथे मुख्याध्यापक, अधिकारी आणि पालक यांनाही एक विनंती. शाळेला भेट द्याल तेव्हा नोंदवह्यांबरोबर एका मुलाचे वाचनही ऐका आणि ते चांगले असेल तर शिक्षकाला तसे सांगा. याला खर्च येत नाही. गुरुजींनी राजीनामा लिहिला त्या दिवशी भेटीला आलेल्यांनी फोटो कमी आहेत म्हणून सुनावले होते. वर्गातील मुलांकडे कोणी पाहिलेही नव्हते.

सोडायचे ठरले तर

सोडणे हा गुन्हा नाही. एका खासगी विनाअनुदानित शाळेतील बाई दोन वर्षे माझ्याकडे येत होत्या. तपासण्या साऱ्या ठीक. पगार थोडा, तोही दोन-दोन महिने थकलेला, आणि पालकांसमोर होणारा पाणउतारा रोजचा. बोलून पाहिले, शाळा बदलून पाहिली, काही फरक पडला नाही. त्यांनी शांतपणे, घरच्यांशी बोलून, दुसरी नोकरी हातात आल्यावर शाळा सोडली. आज त्या एका पतसंस्थेत काम करतात. डोकेदुखीची गोळी सुटली. संध्याकाळी शेजारच्या चार मुलांना गोष्टी वाचून दाखवतात. त्यांचा निर्णय योग्यच होता.

'शिक्षक म्हणजे साने गुरुजी' असे आपण म्हणतो आणि सोडणाऱ्याला अपराधी ठरवतो. साने गुरुजी अमळनेरच्या शाळेत १९२४ ते १९३० अशी सहाच वर्षे शिक्षक होते. नोकरी सोडून ते स्वातंत्र्यलढ्यात गेले, तरी 'गुरुजी' हे नाव सुटले नाही.

मात्र सोडताना काही पथ्ये पाळावीत. अपमान झाला त्या दिवशी, निकालाच्या आठवड्यात किंवा मार्चअखेरीच्या घाईत निर्णय घेऊ नये. उपचार व विश्रांती सुरू झाल्यावर किमान तीन महिने थांबावे. घरखर्च, कर्जाचे हप्ते, मुलांची शिक्षणे यांचा हिशेब पती-पत्नीने एकत्र बसून कागदावर मांडावा. 'सोडायच्या आधी बाजूला शिकवणी सुरू करून पाहतो' असे काही जण म्हणतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ नुसार शिक्षकाला खासगी शिकवणी घेता येत नाही, हे लक्षात ठेवावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. राजीनामा आणि स्वेच्छानिवृत्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निवृत्तिवेतनाच्या नियमांनुसार वीस वर्षांची अर्हताकारी सेवा झालेल्यांना तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती मागता येते आणि निवृत्तिवेतनाचा हक्क राहतो. राजीनामा दिला तर आधीची सेवा बाद होते. १ नोव्हेंबर २००५ रोजी व त्यानंतर लागलेल्यांचे निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत. म्हणून अर्जावर सही करण्यापूर्वी आपले सेवापुस्तक घेऊन जाणकाराला भेटावे. आमच्या गुरुजींची तेवीस वर्षे सेवा झालेली होती. खिशातला तो एक कागद त्यांनी रागाच्या भरात दिला असता तर तेवीस वर्षांचे पाणी झाले असते. हे त्यांना ठाऊक नव्हते.

शेवटी काय झाले?

गुरुजींचे बी-१२ बरेच कमी निघाले. इंजेक्शने दिली. रक्तदाब पुन्हा दोनदा मोजला, चढलेलाच होता, म्हणून गोळी सुरू केली. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी स्वरयंत्रावर सूज असल्याचे सांगितले आणि आवाजाला विश्रांती द्यायला लावली. त्यांनी तीन आठवडे रजा घेतली. महिनाभराने चार प्रश्नांची उत्तरे लिहून आणली. पहिल्या प्रश्नापुढे एकच शब्द होता : 'वर्गाबाहेर'.

मध्यंतरी ते पुन्हा तपासणीला आले होते. रक्तदाब १३०/८४. आवाज बराच मोकळा झालेला. पत्नी बरोबर नव्हत्या. पहिलीतल्या एका मुलीने वाटेवरच्या एस.टी.ची पाटी वाचून दाखवली, ही हकिगत त्यांनी मला पाच मिनिटे सांगितली. बाहेर रुग्ण खोळंबले होते, पण मी अडवले नाही. त्या कागदाचे पुढे काय केले, हे मी विचारले नाही. पुढच्या वर्षी ते काय ठरवतील, हेही मला माहीत नाही. ठरवतील ते विश्रांती घेतलेल्या डोक्याने ठरवतील, एवढी खात्री आहे.

तुमच्या खिशातही असा एखादा कागद असेल तर तो घरात कोणाला तरी दाखवा. आणि कार्यालयात देण्यापूर्वी एकदा डॉक्टरांकडे घेऊन या.